दाराशी उभी असेल ती

"जी दाराशी उभी, ती घ्यायची," नबीलालभाई म्हणाले आणि हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायला लागले.

"अहो, पण ती दांड्याची आहे."

"हाय."

"मी साडी नेसलेय."

"दिसतंय की."

"तिकडे लेडीज सायकल उभी आहे ना, ती द्या मला."

"तिची पाळी तिसरी." त्यांनी मान वर केली नाही. "एक नंबरची गेली का दोन नंबर पुढं. दोन गेली का तीन. दाराशी हाय ती घ्या, न्हाईतर चालत जावा. रस्ता सरळ हाय."

एकाहत्तर सालचा जून होता तो. ताडसावळी फाट्यावर तेव्हा एक वडाचं झाड, एक चहाची टपरी आणि पत्र्याच्या शेडमधलं नबीलाल आतारांचं सायकलचं दुकान, एवढाच संसार. एसटी फाट्यावर सोडायची. ताडसावळीचं हायस्कूल तिथून आत सहा किलोमीटर. साडेनऊ वाजून गेले होते आणि माझी मुलाखत साडेदहाला. इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा होती.

या मुलाखतीवर माझं सगळं अडलं होतं. आधीच्या चार मी दिल्या होत्या आणि चारही ठिकाणी मला हसतमुखानं घरी पाठवलं होतं. कुणी म्हणालं, आमच्याकडे बाईमाणसाला राहायची सोय नाही. कुणी म्हणालं, मोठी मुलं ऐकणार नाहीत. माझे वडील शिंपी. त्यांनी मला बीएड करून दिलं, भावकीची बोलणी खाल्ली, पण आता तेही थकले होते. "पोरी, ही पाचवी," निघताना ते म्हणाले. "ही झाली तर मी गावभर पेढे वाटीन. नाही झाली तर आता मशीनवर बस. दिवाळीनंतर स्थळं बघू." मशीनवर बसायला माझी ना नव्हती, काजं मी झकास करते. पण मला शिकवायचं होतं. वर्गात उभं राहून इंग्रजी शिकवायचं, याच्यापलीकडे मला आयुष्यात काही नको होतं.

माझ्याच एसटीतून आणखी एक उमेदवार उतरले होते. राजोपाध्ये नावाचे, पांढराशुभ्र शर्ट, हातात चामडी बॅग, एमएला फर्स्ट क्लास. हे सगळं त्यांनी मला प्रवासातच सांगितलं होतं. मला एक युक्ती सुचली.

"राजोपाध्ये, तुम्ही आधी घ्या," मी म्हटलं. "लेडीज फर्स्ट वगैरे राहू दे."

त्यांनी एक नंबरची सायकल घेतली. आता दोन नंबर दाराशी आली. तीही दांड्याची. आणखी फक्त एक माणूस यायला हवा होता, की तीन नंबर माझी. मी रस्त्याकडे बघत उभी राहिले. टपरीवर एक म्हातारा चहा पीत होता.

"आजोबा, तुम्हाला सायकल नको का?"

"मला?" म्हातारा म्हणाला. "मी कशाला सायकल घेऊ? मी हितंच राहतो."

राजोपाध्ये पेडलवर पाय ठेवून घुटमळले. माणूस भला होता. "याल ना तुम्ही? वेळ होईल हो. मी पुढे होतो, सांगतो त्यांना तुम्ही येताय म्हणून." आणि ते गेले. मी मनात म्हटलं, जा बाबा, फर्स्ट क्लास तुझा आणि सायकलही तुझी.

"नबीलालभाई," मी शेवटचं विचारून बघितलं, "एका दिवसापुरता नेम मोडलात तर काय बिघडेल?"

तेव्हा कुठं त्यांनी वर बघितलं. पन्नाशीचे, दाढी पांढरी, हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे. "बाई, मी निवडू दिलं ना, तर समदे ती नवी हिरवी घेऊन जातील. तिचं आठ दिसांत खोबरं होईल आणि बाकीच्या हितं गंजत बसतील. म्हणून समद्यांनी सारखं पळायचं. मामलेदार आला तरी हेच सांगतो. तुमचा राग न्हाई."

त्यात चूक काय काढणार? पण मला राग आलाच. मी ती दोन नंबर घेतली आणि हातात धरून चालत निघाले.

लहानपणी मी सायकल चालवलेली होती. वडिलांनी शिवलेले कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायला मी दांड्याखालून पाय घालून, अंग तिरकं करून जायची. पण तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि परकर-पोलक्यात होते. आता पाचवारी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत सर्टिफिकिटं. वळणापलीकडे कुणी नाही असं बघून मी दांड्याखालून पाय घातला. सायकल चार हात गेली आणि मी शेतात गेले.

बांधावर एक बाई भाकरी सोडून बसली होती. ती उठून आली. साठीची असेल, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं आधी सायकल उचलली आणि मग मला.

"कुठं निघालीस गं अशी?"

"ताडसावळीला. शाळेत मुलाखत आहे. साडेदहाला."

"मास्तरीण व्हायचंय व्हय?" तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग हे असं गोल गुंडाळून कसं जमंल? चल, त्या झाडामागं चल. काष्टा घालू."

"पाचवारीचा?"

"तुझ्यापेक्षा लुगडी जास्त नेसलेय मी."

झाडाआड तिनं माझा परकर वर खोचला, निऱ्या सोडल्या, दोन हिसके दिले आणि कुठून कुठं काय नेलं कोण जाणे, मागं काष्टा बसला. आखूड, पोटऱ्या उघड्या, पण घट्ट. मग ती मला ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यापाशी घेऊन गेली.

"ह्यावर चढ. सायकल मी धरते. आता वरनं टांग टाक. खालनं बिलनं न्हाई, वरनं."

मी टांग टाकली. तिनं मागून एक धक्का दिला. "आणि उतरू नगं आता मधी," ती मागून म्हणाली, "परत चढायला मोरी न्हाई मिळायची."

सायकलला घंटी नव्हती आणि ब्रेक एकच होता. तो लावला की सायकल रेड्यासारखी ओरडायची. पण ती पळत होती, आणि मीही. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली रानं, वर निरभ्र आभाळ, पदर कमरेला खोचलेला. कामावरची माणसं हात थांबवून बघत होती. एक जण म्हणाला, "आरं, ही कोण?" दुसरा म्हणाला, "कुणाची का असंना, चालवतीय बघ कशी." लाज वाटायला हवी होती. पहिला अर्धा किलोमीटर वाटलीही. मग जी गंमत यायला लागली, ती मी कुणाला सांगू? मी मोठ्यानं गाणं म्हटलं. ओसाड रस्त्यावर, मुलाखतीला जाताना.

शाळेच्या आवारात कडुलिंबाचं झाड होतं आणि त्याला दगडी पार होता. उतरायला तोच बरा म्हणून मी थेट पाराकडे सायकल नेली, पाय टेकवला आणि थांबले. शाळेच्या मागे जाऊन काष्टा सोडला, साडी सारखी केली, तोंडावर पाणी मारलं. गुडघ्याला खरचटलं होतं, पण ते साडीत झाकलं गेलं.

व्हरांड्यात पाच-सहा उमेदवार बसले होते. सगळे पुरुष. राजोपाध्ये आत जाऊन आले होते. मला बघून ते उठले आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, "पोचलात! बरं झालं. ऐका, आत वाळिंबे म्हणून प्रोफेसर आलेत जिल्ह्याहून. ते प्रत्येकाला एकच विचारतायत. हॉब्सन्स चॉइस. अर्थ सांगा आणि वाक्यात वापरा."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"दोन पर्याय आणि दोन्ही वाईट. कोणता घ्यावा ही पंचाईत. मी वाक्य दिलं, ही नोकरी की पुण्याची, असा माझ्यापुढे हॉब्सन्स चॉइस आहे."

"मग ते काय म्हणाले?"

"थँक यू म्हणाले. बाकीच्यांनीही तेच सांगितलंय, म्हणजे बरोबरच असणार."

या माणसाचं काय करावं? स्वतःच्या प्रतिस्पर्ध्याला प्रश्न आणि उत्तर दोन्ही आणून दिलंन. मी आभार मानले आणि बाकावर बसले. पण मनात काहीतरी टोचत होतं. आमच्या दुकानात येणाऱ्या एका वकिलांनी मला लहानपणी वाक्प्रचारांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक दिलं होतं. त्यात हा वाक्प्रचार होता. अर्थ आठवेना. चित्र मात्र लख्ख आठवत होतं: एक तबेला, आत ओळीनं घोडे, दारात कमरेवर हात ठेवून उभा मालक आणि त्याच्यासमोर हिरमुसला झालेला एक तरुण. त्यात दोन वाटा नव्हत्या, पंचाईत नव्हती. मग तो तरुण हिरमुसला कशानं?

मी समोर बघितलं. पाराला टेकून माझी दोन नंबरची सायकल उभी होती. मी बघत राहिले आणि एकदम मला हसू फुटलं. शेजारचा उमेदवार जरा सरकून बसला.

"खांडके बाई," शिपायानं पुकारलं.

आत टेबलामागे तिघं होते. मधे संस्थेचे चेअरमन तात्यासाहेब जगदाळे, एकेकाळचे पैलवान, खुर्ची पुरेपूर भरलेली, डोक्याला तांबडा फेटा. डावीकडे हेडमास्तर दिवेकर, बारीक, घाबरट चेहऱ्याचे. उजवीकडे चष्मेवाले प्रोफेसर वाळिंबे, पुढ्यात एक वही.

तात्यासाहेबांनी माझी सर्टिफिकिटं चाळली आणि बाजूला ठेवली. ही बाजूला ठेवायची पद्धत मला चार ठिकाणच्या अनुभवानं ओळखीची झाली होती.

"मार्क चांगले हायत," ते म्हणाले. "पण बाई, खरं सांगतो, तुम्ही राग मानू नका. गेल्या साली आम्ही एक बाई घेतल्या. फाट्यावरनं सहा किलोमीटर चालत यायच्या. चार दिवस आल्या आणि पाचव्या दिवशी राजीनाम्याचं पत्र आलं. त्यांची चूक न्हाई. पण पोरांचं वर्ष गेलं. गावात बाईमाणसाला खोली न्हाई, एसटी आत येत न्हाई. तुम्ही रोज येणार कशा?"

पाचवी मुलाखत, पाचवं कारण. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वाळिंबे म्हणाले, "तात्यासाहेब, ते नंतर. आधी माझा प्रश्न होऊ द्या. मिस खांडके, हॉब्सन्स चॉइस. अर्थ सांगा आणि वाक्यात वापरा."

राजोपाध्यांचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. फर्स्ट क्लासचं उत्तर, पाच जणांनी दिलेलं. माझा सेकंड क्लास. पण मला ते चित्र आठवत होतं आणि माझ्या पोटऱ्या दुखत होत्या. मी पोटऱ्यांवर विश्वास ठेवला.

"सर, पर्याय दिल्यासारखं दिसतं, पण पर्याय एकच असतो," मी म्हटलं. "दिलंय ते घ्या, नाहीतर काहीच नाही. इंग्लंडात एक घोडे भाड्यानं देणारा होता. तबेल्यात पुष्कळ घोडे, पण गिऱ्हाइकानं दाराजवळचाच घ्यायचा, नाहीतर पायी जायचं."

वाळिंब्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि वाक्य?"

मी दम घेतला. "ॲट नबीलालभाईज शॉप इट इज ऑलवेज हॉब्सन्स चॉइस. द सायकल निअरेस्ट द डोअर, ऑर नो सायकल ॲट ऑल."

तात्यासाहेब पुढे झुकले.

"काय म्हणाल्या ह्या? नबीलालचं नाव आलं न्हवं?"

"हो तात्यासाहेब," मी म्हटलं. "सरांनी विचारलेल्याचा अर्थ असा, की दाराशी उभी असेल ती सायकल घ्यायची, नाहीतर चालत जायचं."

दिवेकर हेडमास्तरांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. त्यांनी रुमाल तोंडावर धरला. तात्यासाहेब त्यांच्याकडे वळले.

"हसा, हसा हेडमास्तर. दाबून ठेवू नका." आणि मग तेच हसायला लागले, ते असे की टेबल हललं. वाळिंबे गोंधळून दोघांकडे बघत होते.

"प्रोफेसर," तात्यासाहेब डोळे पुसत म्हणाले, "इलेक्शनच्या साली माझी जीप फाट्यावर बंद पडली. हितं सभा. पाचशे माणूस बसलंय. नबीलालकडं गेलो, म्हणलं सायकल दे. तर दाराशी लेडीज. ती पुढं बास्केट असलेली. म्हणलं, आरं, मी तात्या जगदाळे. तर म्हणतो, दाराशी हाय ती घ्या, न्हाईतर चालत जावा. हा फेटा, ह्या मिशा आणि ती लेडीज सायकल. तसाच आलो सभेला. माणसं भाषणाला हसली न्हाईत एवढी मला हसली."

"पण निवडून आलात," दिवेकर रुमालाआडून म्हणाले.

"आलो. लोक म्हणाले, हा कशावरही बसंल पण येईल." आणि एकदम ते थांबले. काहीतरी ध्यानात आल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "बाई, आज तुम्हाला कोणती मिळाली?"

"दोन नंबरची."

ते उठले, खिडकीशी गेले. दिवेकरही गेले. बाहेर लिंबाच्या पाराला सायकल टेकलेली होती.

"ही दांड्याची हाय," तात्यासाहेब म्हणाले.

"हो."

"आणि तुम्ही त्यावर बसून आलात. साडीत. सहा किलोमीटर."

"एकदा पडले," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

ते परत येऊन खुर्चीत बसले. माझी बाजूला ठेवलेली सर्टिफिकिटं त्यांनी ओढून पुन्हा समोर घेतली आणि तळहातानं सारखी केली. "प्रोफेसर, इंग्रजीचं तुम्ही बोला. रोज कशा येणार, हा माझा प्रश्न मी मागं घेतो."

वाळिंबे वहीत काहीतरी लिहीत होते. वर न बघताच म्हणाले, "वीस वर्षं मी हा प्रश्न मुलाखतींत विचारतोय. वाक्यात वापरा म्हणतो, तर सगळे पुस्तकातलं वाक्य देतात, तेही चुकीचं. कुणी त्यावर बसून आलेलं मी आज पहिल्यांदा बघितलं."

सोमवारपासून या, असं मला तिथंच सांगितलं.

बाहेर आल्यावर मी राजोपाध्यांना खरा अर्थ सांगितला. सांगायलाच हवा होता, त्यांनी प्रश्न सांगितला नसता तर मला चित्र आठवायला तेवढा वेळ कुठला मिळाला असता? ते कपाळावर हात मारून घेऊन हसले. "म्हणजे सकाळी दुकानात आपण तेच करत होतो आणि मला कळलं नाही. बाई, पुण्याची नोकरी मला मिळालेलीच आहे. इथली तुम्हालाच शोभते." जाताना मी जमेल तसा काष्टा घातला, पारावरून टांग टाकली आणि आम्ही बरोबरीनं सायकली चालवल्या. मोरीपाशी ती बाई रानातून उभी राहिली. मी लांबूनच हात वर केला. तिनं खुरपं उंच धरून हलवलं.

नबीलालभाईंना सायकल परत केली तेव्हा ते चाकाचे आरे घट्ट करत होते. मी म्हटलं, "मिळाली नोकरी. आता रोज यायची मी."

"चांगलं झालं," ते म्हणाले. मग जरा वेळानं, आऱ्यांकडे बघतच, "कितीच्या एसटीनं येणार?"

"साडेनऊच्या. मावशीकडे राहणार आहे तालुक्याला."

"बरं."

एवढंच. मला वाटलं, आता रोज देवाचं नाव घ्यायचं आणि जी दाराशी असेल तिच्यावर चढायचं. घरी वडिलांनी खरोखर पेढे वाटले, आणि माझ्यासाठी आपण होऊन एक रुंद घेराचा परकर शिवून दिला, टांग टाकता यावी म्हणून.

सोमवारी साडेनऊला एसटीतून उतरले. मन घट्ट करून दुकानाकडे वळले. दाराशी लेडीज सायकल उभी होती. पुसून लख्ख केलेली, बास्केटला नवी तार, सीट माझ्या उंचीला खाली केलेलं. दांड्याच्या दोन्ही मागे उभ्या होत्या.

"नबीलालभाई, ही तर तिसरी होती."

"आज पहिली हाय. पाळी फिरती." ते चाकात हवा भरत होते. "दाराशी हाय ती घ्या, न्हाईतर चालत जावा."

रडू येऊ नये म्हणून मी बडबडायला लागले. मी त्यांना त्या इंग्लंडातल्या घोडेवाल्याची गोष्ट सांगितली. त्याचाही हाच नेम होता, म्हटलं. तीनशे वर्षं झाली, तुमच्या नेमावरून इंग्रजीत बोलण्याची एक रीत आहे.

त्यांनी पंप थांबवला आणि नीट ऐकून घेतलं.

"आणि बाईमाणूस येणार हे ठावं असलं, म्हंजे?"

"म्हणजे काय?"

"त्या दिवशी येरवाळी उठून घोडे फिरवून लावायचा का न्हाई तो? गरीब घोडं दाराशी?"

मी आठवून बघितलं. "तसं काही पुस्तकात लिहिलेलं नाही."

"मग नेम अर्धाच लिवलाय त्यांनी," नबीलालभाई म्हणाले आणि पुन्हा हवा भरायला लागले.

अकरा वर्षं मी ताडसावळीला जात होते. अकरा वर्षं साडेनऊला दाराशी लेडीज सायकलच असायची. पुढंपुढं तर फाट्यावरच्या गड्यांना ते ठाऊक झालं, आणि मी सायकल घेऊन वळणापलीकडे जाईपर्यंत एकही पुरुष त्या दुकानाकडे फिरकायचा नाही. लेडीज सायकल आपल्या वाट्याला नको म्हणून सगळे टपरीवर चहा पीत बसायचे. मीही मग मुद्दाम सावकाश निघायची.